आजीच्या लुगड्याचं गाव

चेन्नईहून महाबलीपुरमला निघालात, की वाटेत मुट्टुकाडूला दोन-तीन तास नक्की थांबा. इथे १९९६ मध्ये सुरू झालेलं 'दक्षिणचित्र' हे संग्रहालय आहे. दक्षिणेतल्या राज्यांमधली जुनी घरं इथे आत शिरून बघता येतात. यातली बरीच घरं पाडली जाणार होती. संस्थेने ती विकत घेतली, खांब, तुळया, दारं सुटी करून इथे आणली आणि त्या त्या भागातल्या कारागिरांकडून पुन्हा उभारून घेतली.

चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं ऐसपैस घर बघून डोळे दिपतात. पण मी रेंगाळले ती कर्नाटकातल्या इलकलच्या विणकराच्या घरात. इलकल म्हणजे आपलं इरकल! आजीच्या लुगड्याचं गाव मला असं चेन्नईजवळ भेटलं.

आमचं गावचं घर विकलं, तेव्हा आजीचा पाटा-वरवंटा, फिरकीचा तांब्या सगळं भंगारात गेलं. आता आजीही नाही.

प्रत्येक घर काही संग्रहालयात जाणार नाही. म्हणून या रविवारी घरातली एखादी जुनी वस्तू आजी-आजोबांसमोर ठेवा. ती कुणाची, कुठून आली, विचारा. आणि लगेच लिहून ठेवा.