फणींतले केस

आमच्या देऊळगाव राजा येथील बालाजीची आश्विनांतली यात्रा आटोपली आणि सूनबाईंनीं वजन उतरविण्यासाठीं रात्रीचें जेवण सोडलें. वय ४५. तीन महिन्यांत १० किलो उतरले. पण फणींत केसांचे पुंजके येऊं लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवासही त्या गेल्या नाहींत. आम्हीं तेलास दोष दिला. तो अन्याय होता. अन्न एकाएकीं तुटलें म्हणजे पुष्कळ केसांची वाढ एकदम थांबते व ते दोन-तीन महिन्यांनीं गळतात, असें डॉक्टरांनीं समजाविलें. आजची गळती मागल्या उपासाची! मूळ शाबूत असतें. पोषण सुधारल्यावर ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. मात्र या वयांत रक्तांतील लोह व थायरॉईड ग्रंथीचें कार्य तपासून घ्यावें. सूनबाई आतां वरण, उसळ, दही घेऊन सावकाश वजन उतरवीत आहेत. वाचकभगिनींनींही वजन अवश्य उतरवावें, पण ताट रिकामें ठेवून नव्हे.