जंतू मेला, एवढ्याने भागत नाही

आपल्या अनेक औषधांच्या माहितीपत्रकांवर 'जंतुघ्न' हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. त्यास आधार बहुधा एकच : बशीत वाढविलेल्या जीवाणूंवर काढा टाकला आणि भोवती स्वच्छ वलय उमटले. हा पुरावा अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पटकीचेच उदाहरण घ्यावे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात तिचा जीवाणू दाखविला. परंतु तो रुग्णाचे पाणी कसे काढतो, हे उमगण्यास १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी जीवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला, तेव्हा केवळ त्या द्रवानेच आतडे पाण्याने फुगले. हे विष म्हणजे एक प्रथिन, हे पुढे निश्चित झाले. त्याचे पाच घटक पेशीला चिकटतात. सहावा आत शिरून तिला पाणी व क्षार बाहेर सोडावयास लावतो.

आज मास स्पेक्ट्रोमीटरने एका नमुन्यातील शेकडो प्रथिने ओळखता येतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पटकीच्या रुग्णांच्या मलातील जीवाणूंची प्रथिनेच अशी तपासली गेली. जनुके तीच असली, तरी आतड्यातील जीवाणू आणि बशीतील जीवाणू सारखीच प्रथिने घडवीत नाहीत. क्षेत्राचा विचार करणाऱ्या वैद्यास हे परके वाटू नये. (आपल्या ग्रंथांत हे सारे आधीच होते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. विसूचिका म्हणजे पटकीच, असेही सरसकट म्हणता येत नाही.)

म्हणूनच जे द्रव्य बशीत निष्प्रभ ठरते, ते विषाला अडवीत असू शकेल. दारुहरिद्रेतील बर्बेरीनने प्राण्यांच्या आतड्यातील विषजन्य स्राव घटल्याचे १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील चाचणीत ई. कोलायच्या विषजन्य अतिसारात त्याचा उपयोग स्पष्ट दिसला. पटकीत मात्र तसा दिसला नाही. जलसंजीवनीची जागा ते घेत नाही, हे सांगणे नकोच.

फार्मसीधारकांना आमची विनंती एवढीच, की वलयाच्या छायाचित्रावर खर्च करण्याऐवजी चारदोघांनी मिळून एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे जावे आणि आपल्या काढ्याने जीवाणूची कोणती प्रथिने घटतात, हे तपासून घ्यावे. दारुहरिद्रेपासूनच आरंभ करता येईल. मात्र नमुना पाठविण्यापूर्वी वनस्पतीची ओळख पक्की करावी, कारण त्या नावाने बाजारात वेगळीच वेलही विकली जाते आणि बर्बेरीन तिच्यातही असते.