मूल एक, खाती अनेक

नगरच्या सावेडीतल्या पाइपलाइन रस्त्यावर सहा-सात वर्षांचे मूल एकटे भटकताना सापडले, तर त्याचे पुढे काय करायचे हे 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने ठरवून दिले आहे. पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या वेशात त्याच्याशी बोलतो आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे आणतो. मूल कुठे राहील ते समिती ठरवते, बालगृह त्याला सांभाळते, घरची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत होते.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे: दोन घरचा पाहुणा उपाशी, मग चार खात्यांच्या मुलाचे काय? सगळे अधिकार एकाच खात्याला द्यावेत.

हा उपाय दिसतो तितका निर्धोक नाही. बालगृह चालवणाऱ्या संस्थेचे अनुदान मुलांच्या संख्येशी बांधलेले असते. मूल घरी जाईल की नाही, हे तिलाच ठरवू दिले तर पट टिकवण्याचा मोह कोण आवरणार? म्हणूनच बेवारस मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचे समिती जाहीर करते आणि दत्तकाचा आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे.

एकछत्री कारभाराचा दाखला म्हणून 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पुढे केला जातो. नगरमध्ये ही चाइल्डलाइन 1989 साली सुरू झालेल्या स्नेहालयाने चालवली. 2023 मध्ये देशभरची सेवा सरकारी यंत्रणेकडे जाऊन 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोन उचलणारे बदलले. पुढे पोलीस, समिती आणि बालगृह लागतातच.

आक्षेपातला खरा भाग वेगळाच आहे: मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना माहिती मागे राहते. ते पाथर्डी किंवा शेवगावच्या ऊसतोड कुटुंबातले असेल, तर हंगामात गृहभेटीला गेलेल्याला दाराला कुलूप दिसते आणि अहवालात ‘पालक आढळले नाहीत’ एवढाच शेरा पडतो. टोळी कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यावर गेली, हे गावच्या अंगणवाडी सेविकेला बहुधा ठाऊक असते. तिला कुणी विचारलेलेच नसते. खाती एक करून ती माहिती कागदावर येत नाही.

घरच्या या चौकशीला, म्हणजे सामाजिक तपासणीला, कायद्याने 15 दिवस दिले आहेत, शिवाय प्रत्येक मुलाचा स्वतंत्र संगोपन आराखडा सांगितला आहे. त्या आराखड्यावर जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव, अंगणवाडी सेविकेची माहिती आणि पुढची तारीख नसेल, तर समितीने तो परत पाठवावा.