नकार द्यायला निघालेली मुलगी

वर्षाकाठी एखादीच प्रेमकथा वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्या माणसाला हलक्याफुलक्या कथेपाशी एक शंका हमखास येते: हे सगळे इतके सोपे कसे? सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागसारख्या गावात ही शंका अधिकच बळावते. इथे मुलगा-मुलगी चार शब्द बोलली, तरी ती घरी पोहोचण्याआधी बातमी घरी पोहोचते. म्हणून ‘मुंबई-पुणे-मुंबई’सारख्या कथेचे मोल ठरवताना शंका घेणाऱ्याला अरसिक म्हणून मोडीत काढू नये. मात्र कथेलाही उथळ म्हणून मोडीत काढू नये.

सतीश राजवाडे यांचा हा चित्रपट २०१० सालचा. सुचवलेल्या स्थळाला नकार द्यायला एक मुलगी मुंबईहून पुण्याला येते. पत्ता विचारताना एका तरुणाशी गाठ पडते आणि दिवस त्याच्याशी बोलण्यात जातो. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या या पात्रांना नावेसुद्धा दिलेली नाहीत. शेवटी कळते, की ज्याला नकार द्यायचा होता तो मुलगा हाच.

सर्वांत गंभीर आक्षेप या शेवटावरच घेता येतो. घरच्यांनी सुचवलेला आणि मनाने निवडलेला माणूस एकच निघाला, की घर आणि मन यांतला झगडा मिटवण्याची वेळच येत नाही. नावे नाहीत, म्हणून आडनावेही नाहीत. आडनावे नाहीत, म्हणून जातीचा प्रश्न उंबऱ्याबाहेरच राहतो. आपल्या जिल्ह्याला हे सहज पटणारे नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) करमाळा तालुक्याच्या मातीतला, आणि त्यातली आर्ची, रिंकू राजगुरू, अकलूजची. पाटलाची मुलगी आणि पारधी मुलगा यांच्या प्रेमाची किंमत त्या कथेने शेवटच्या दृश्यापर्यंत वसूल केली. ते पाहिल्यावर पुण्यातला तो गप्पांचा दिवस अगदीच सुरक्षित वाटतो.

तथापि, ‘सैराट’चाच पूर्वार्ध आठवून पाहावा. विहीर, कॉलेज, चिठ्ठ्या, मित्रांची धावपळ आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची. तो भाग मनमुराद हसवतो, आणि त्या हसण्यामुळेच पुढचा घाव खोल जातो. दोन माणसांना एकमेकांची सोबत किती गोड वाटते हे आधी दिसले नाही, तर पुढे काय हिरावले गेले हे कळणार कसे? म्हणजे हलकेपणा हा गांभीर्याचा शत्रू नाही.

हा वाद मराठीला नवा नाही. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ना. सी. फडके होते आणि पुढच्याच वर्षी आपल्या सोलापूरच्या संमेलनाचे वि. स. खांडेकर. एकाने कलेसाठी कला म्हटले, दुसऱ्याने जीवनासाठी. फडक्यांच्या प्रेमकथांनी एका पिढीला वाचनाची गोडी लावली, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. दुसरीकडे, त्या कथांतली सुखवस्तू माणसे बहुतेक वाचकांच्या घरात नव्हती, हा खांडेकरांच्या बाजूचा मुद्दाही खराच.

मला स्वतःला ‘मुंबई-पुणे-मुंबई’तली एक गोष्ट फार मोलाची वाटते: नकार. आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात, पोहे होतात, दोन-चार प्रश्न होतात. मुलीला मुलगा आवडला नाही, तरी नकार क्वचितच तिच्या तोंडून जातो. तो वडिलांकडून मध्यस्थाकडे आणि मध्यस्थाकडून पलीकडे जातो, बहुधा पत्रिका जुळत नाही या सबबीखाली. तिचे खरे कारण कुणी विचारत नाही. या कथेतली मुलगी आपला नकार स्वतः घेऊन निघते, आणि त्याबद्दल कथा तिला कोणतीही शिक्षा करत नाही. तिचे आढेवेढे, चिडणे, मत बदलणे सगळे ऐकून घेतले जाते. ‘सैराट’ने प्रेमाची किंमत दाखवली, ती दाखवणे गरजेचेच होते. पण मोकळेपणी बोलल्यावर काही वाईट घडत नाही, अशी एखादी दुपारही आपल्या मुलींना पाहायला मिळायला हवी. प्रत्येक प्रेमकथेचा शेवट रक्तात होत असेल, तर वाचणारी मुलगी त्यातून भीतीच शिकेल.

अर्थात एक डाग उरतोच. ‘तो मुलगा मीच’ हे तरुण तिच्यापासून लपवून ठेवतो. ती मन मोकळे करते तेव्हा त्याला तिच्याहून अधिक माहीत असते. कथा याला खोडकरपणा मानते. तिच्याच नकाराचा इतका मान ठेवणाऱ्या कथेने इथे थोडे अडखळायला हवे होते. या मुद्द्यावर रागावणाऱ्या प्रेक्षकाशी मी वाद घालणार नाही.

तरीही माझा कौल हलक्याफुलक्या कथेच्या बाजूने आहे, आणि सोबत एक मागणी. ही कथा आता पुण्याहून बार्शी-सोलापूर रस्त्यावर यावी. इथे तिला आडनावे द्यावी लागतील, चुलते आणि मामा आणावे लागतील. जात वेगळी असेल आणि लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचे ठरले, तर तीस दिवसांची जाहीर नोटीसही येईल; पुण्यात एका दिवसात उमगते ते इथे महिनाभर साऱ्या गावासमोर टिकवावे लागेल. एवढे ओझे घेऊन कथा हलकी राहील का, असे कुणी विचारेल. काही लेखकांच्या हातून ती नक्कीच दबेल. पण करमाळ्याच्या मातीत मंजुळ्यांनी तासभर ती पेलून दाखवली आहे. त्या तासाच्या पुढेही ती पेलणारा, आणि दोघांना जिवंत ठेवणारा लेखक मला वाचायचा आहे.