राउटरची फायरवॉल बंद करताय? थांबा जरा

मागच्या महिन्यात नाशिकहून मामेभावाचा फोन आला. "दादा, गेममध्ये नॅट टाइप स्ट्रिक्ट दाखवतंय. व्हिडिओत सांगितलं तसं डीएमझेड चालू केलं, फायरवॉल ऑफ केली, तरी काही फरक नाही."

फरक पडणार नव्हताच. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या घरगुती कनेक्शनला वेगळा पब्लिक आयपी देत नाहीत, अनेक घरांत मिळून एकच वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमन पाहुण्यांना अडवतोय आणि तुम्ही वर फ्लॅटचं दार सताड उघडून वाट बघताय! तुमचंही तसंच आहे का ते बघायला राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी शोधा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात.

मग दार उघडं राहिलं तर बिघडलं काय, वॉचमन आहेच की? तर तो फक्त आयपीव्ही४ च्या गेटवर आहे. कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असेल, तर घरातला मोबाइल, टीव्ही, कॅमेरा या प्रत्येकाला थेट इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. तिथे मध्ये उभी असते ती बहुतेकदा फक्त राउटरची फायरवॉल. आणि काही राउटरमध्ये एकाच बटणाने दोन्हीकडची बंद होते.

फायरवॉल चालू ठेवली म्हणजे सुटलो, असंही नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लिंक्सिस ई१२००, ई२५०० अशा जुन्या राउटरबद्दल इशारा दिला. कंपनीने अपडेट देणं कधीच थांबवलेलं. रिमोट अॅडमिनिस्ट्रेशन चालू असलेल्या अशा राउटरमध्ये मालवेअर शिरलं आणि ते प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले गेले. चौघांवर आरोपपत्रही दाखल झालं. राउटरच्या मालकाला मात्र पत्ता नाही. नेट चालू, गेम चालू. गुन्हा दुसऱ्याचा आणि आयपी आपला. तपास करणारे आधी आयपीचा मालकच शोधतात ना.

रिमोट मॅनेजमेंट चालू ठेवणं म्हणजे फायरवॉलला आपणच भोक पाडणं. म्हणून मी भावाला आधी ते बंद करायला लावलं. मग अॅडमिन पासवर्ड. तो अजून admin च होता, देवनागरीत सांगायचं तर 'अॅडमिन'. कनेक्शन जोडायला आलेला माणूस म्हणे सांगून गेला होता, "बदलू नका, नंतर आम्हाला त्रास होतो." ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सगळ्या डिव्हाइसना सारखाच डिफॉल्ट पासवर्ड देऊन विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे मात्र पासवर्ड न बदलण्याचा सल्ला घरपोच मिळतो!

यूपीएनपीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते घरातल्या कुठल्याही अॅपला न विचारता पोर्ट उघडू देतं, त्यामुळे बंदच बरं. पण सीजीनॅट नसेल आणि गेम खेळायचाच असेल, तर अख्खं डीएमझेड लावण्यापेक्षा गेमला लागतो तेवढाच पोर्ट फॉरवर्ड करा.

भावाने शेवटी कंपनीकडे पब्लिक आयपी मागितला. त्याचे दरमहा वेगळे पैसे लागतात. फर्मवेअर अपडेटचं पान उघडलं, तर शेवटचं अपडेट २०१९ चं. नवीन राउटर घ्या म्हटलं, तर मामा म्हणाले, "अरे, चालतोय ना अजून!"