स्वस्त गुंठ्यात काय नसतं

रविवारी सकाळी कर्जत स्टेशनबाहेर वड्याचा वास सुटलेला असतो आणि गाडीतळाच्या कडेला एक पांढरी बोलेरो उभी असते. काचेवर कागद: 'साइट व्हिजिट'. आत डोंबिवलीचं एक जोडपं, ठाण्याचे दोघे भाऊ आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. तासाभरात ही मंडळी एका माळावर पोचतात. चुन्याने आखलेले चौकोन, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट, खुंटांवर लाल रंगात नंबर. समोर माथेरानची कड, आणि जुलै असेल तर कडेवरून सुटलेले पांढरे धबधबे. एजंट हात लांब करून सांगतो, "काका, हा तुमचा. पाच गुंठे." मुंबईत जेवढ्या पैशात गाडी उभी करायला जागा मिळते, तेवढ्यात इथे डोंगर मिळतो. काकांचे डोळे भरून येतात.

त्या माळाला गावात एक जुनं नाव आहे. ते ब्रोशरमध्ये कधी छापलं जात नाही. वरकस.

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याची जमीन दोन मजल्यांची. खाली खाचरं, तिथे भात. वर उताराची, मुरमाड, पातळ मातीची वरकस, तिथे आलटून पालटून नाचणी-वरी, एरवी गवत. भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजायचा, म्हणजे शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून पेटवायचे. त्याचा पाला आणि गवत यायचं ते याच वरच्या मजल्यावरून. खाचर पिकवायला वरकस लागायचं, म्हणून दोन्ही एकाच घरात असायचं. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानेही भातजमीन, जिरायत, बागायत यांच्या शेजारी वरकस हा प्रकार वेगळा धरला. मग युरिया आला, राब कमी झाला, मुलं खोपोलीच्या कारखान्यांत लागली. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'कर्जत' नावाच्या एकाहून एक वाणांनी खाचराची लाज राखली, पण वरकसाला वाली उरला नाही. सरकारी आकार चार-दोन रुपयांचा, उत्पन्न शून्य. 'पडीक' म्हणून ती विकली जाऊ लागली. शहरात जिला 'स्वस्त ग्रामीण जमीन' म्हणतात, ती बहुतेक वेळा हीच.

स्वस्त का, हा प्रश्न बोलेरोत कोणी विचारत नाही. भाव कमी असतो, कारण त्या जमिनीत काहीतरी नसतं. कधी पाणी नसतं, कधी वाट, आणि पुष्कळदा विकणाऱ्याला विकायचा हक्कच नसतो.

पाण्याचं आधी बघू. या पट्ट्यात चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माथेरानला त्याहून कितीतरी जास्त. आणि एप्रिलमध्ये याच डोंगरांच्या कुशीतल्या वाड्यांना टँकर लागतो. खाली अभेद्य काळा पाषाण, वर वीतभर माती, उतार तीव्र. पाणी थांबत नाही, उल्हास आणि पाताळगंगेतून खाडीला जातं. ज्या नद्यांना उन्हाळ्यात धार दिसते, त्यांची ती स्वतःची नसते. पेज नदी भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर वाहते आणि पाताळगंगा खोपोलीच्या. खोपोलीचं वीजगृह 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. घाटावर अडवलेलं पाणी पाइपातून खाली येतं, चक्र फिरवतं, मग नदीत सुटतं. त्या दोन नद्यांच्या काठची जमीन स्वस्त कधीच नव्हती. माळावरच्या प्लॉटवर मात्र 'बोअर मारली की पाणी' असं सांगतात. बोअर मारता येते हे खरं. त्यात पाणी लागेलच, ही जबाबदारी कोणी घेत नाही. जुलैत प्लॉट पाहणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरी पाहण्यासारखं आहे. ही जमीन मे महिन्यात पाहावी, दुपारी दोन वाजता.

खऱ्या वाळवंटात असे प्रकार आधीच होऊन गेलेत. कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात नॅट मेंडेलसन नावाच्या विकासकाने 1958 मध्ये हजारो एकर जमीन घेऊन 'कॅलिफोर्निया सिटी' आखली. लॉस एंजेलिसला टक्कर देणारं शहर होणार, अशी जाहिरात. मधोमध तळं, भोवती रस्त्यांची जाळी आणि देशभरातल्या मध्यमवर्गीयांना विकलेले प्लॉट. सत्तरच्या दशकात हा धंदा पुढे चालवणाऱ्या कंपनीवर तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने कारवाई केली आणि ग्राहकांना पैसे परत करायला लावले. आजही विमानातून ती जाळी दिसते, मैलोन् मैल आखलेले रस्ते आणि त्यांच्या कडेला एकही घर नाही. फरक एवढाच की तिथे विकणाऱ्याकडे निदान जमिनीचा मालकी हक्क होता.

आपल्याकडे गुंता त्या हक्कापासूनच सुरू होतो. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सरळ सांगतं, शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतली तर कलम 84 क खाली व्यवहार अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. बोलेरोतल्या पाचांपैकी किती जणांच्या नावावर सातबारा आहे? एजंटकडे उत्तर तयार असतं, "दाखला आम्ही काढून देतो." कुठल्या तरी लांबच्या गावात चार गुंठ्यांत नाव लावायचं आणि तो कागद इथे दाखवायचा. 2007 मध्ये अमिताभ बच्चन यांच्या मावळातल्या जमिनीवरून केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. प्रश्न होता उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या कागदांवरून त्यांना शेतकरी मानायचं की नाही. बच्चन यांच्याकडे निष्णात वकील होते. डोंबिवलीच्या जोडप्याकडे एजंटचा मोबाइल नंबर आहे.

दुसरी युक्ती तुकड्यांची. पाच गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा शेतजमिनीत होत नाही, म्हणून एका मोठ्या हिश्श्यावर दहा-बारा जणांची नावं सामाईक चढवतात. खुंट मातीत असतात, कागदावर नसतात. पुढे एकाने हरकत घेतली, एकाचं निधन होऊन चार वारस आले, एकाने बँकेकडे गहाण ठेवलं, की सगळ्यांचं एकदमच अडकतं. जुलै 2021 मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी अशा तुकड्यांची नोंदणी थांबवणारं परिपत्रक काढलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. 2025 च्या अखेरीस सरकारने अध्यादेश काढून 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले बिगरशेती वापराच्या पट्ट्यांतले तुकडे विनाशुल्क नियमित करायची वाट मोकळी केली. एजंट ही बातमी लॅमिनेट करून फिरवतात. तिच्यातले 'बिगरशेती वापराच्या पट्ट्यांतले' हे शब्द मात्र कोणी अधोरेखित करत नाही. हरित पट्ट्यात शेतघर बांधायचं तर राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत किमान 0.4 हेक्टर जमीन लागते. म्हणजे जवळपास 40 गुंठे. पाच गुंठ्यांवर तंबू ठोकावा आणि धबधबा बघावा.

नोटरीसमोर केलेलं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र, यांवरही इथे बिनधास्त पैसे दिले जातात. 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. निकालाला इतकी वर्षं झाली. स्टॅम्पपेपर शंभराचा होता तो पाचशेचा झाला, सवय तीच राहिली.

मग येतो सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना. शहरी माणूस सातबाऱ्यावर मालकाचं नाव आणि क्षेत्र वाचून थांबतो. इथली खरी गोष्ट या रकान्यात लिहिलेली असते. कुळाचं नाव. कूळकायद्याने मिळालेली जमीन असल्याची नोंद. किंवा 'खाजगी वन'. 30 ऑगस्ट 1975 ला महाराष्ट्राचा खाजगी वने संपादन कायदा अमलात आला आणि डोंगरउतारावरच्या अनेक जमिनी त्यात गेल्या. 2014 मध्ये गोदरेज अँड बॉइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मालकाला कधी बजावलीच नाही अशा दशकांपूर्वीच्या नोटिशीच्या जोरावर जमीन वन ठरवता येत नाही असं म्हटलं. त्याचा आधार घेऊन आज कोणीही 'आता काही प्रॉब्लेम नाही' म्हणतो. प्रत्येक हिश्श्याचा इतिहास वेगळा, तो तपासल्याशिवाय तो निकाल आपल्या खुंटाला लागू होतो की नाही हे वकीलही सांगणार नाही. शिवाय माथेरान आणि भोवतालचा 214.73 चौरस किलोमीटरचा टापू 4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. ब्रोशरवर माथेरान मोठं छापलेलं असतं, अधिसूचना बारीक अक्षरातसुद्धा नसते.

सगळ्यात कमी भाव कशाला, तर आदिवासींच्या जमिनीला. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय जात नाही. 1974 च्या कायद्याने तर 1 एप्रिल 1957 पासून 6 जुलै 1974 पर्यंत गेलेल्या जमिनीही परत देण्याची तरतूद केली. कर्जत आणि खालापूर हे ठाकर आणि कातकरी वाड्यांचे तालुके. कातकऱ्यांची गोष्ट त्याहून अवघड. त्यांच्या कित्येक वाड्यांखालची जमीन कधी त्यांच्या नावावर नव्हतीच. जुन्या मालकाने राहू दिलं, पिढ्या गेल्या. मालक गेला, वारसांनी शहरातल्या माणसाला विकलं, आणि एक दिवस वाडीभोवती तारेचं कुंपण आलं. रायगडमधल्या कातकरी वाड्यांवरच्या या संकटावर राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी 'फायटिंग इव्हिक्शन' हे पुस्तक लिहिलं. खेडकर यांची संस्था कर्जतमधल्याच कशेळे इथली. साइट व्हिजिटला 'इथे आधी कोण राहत होतं' हे विचारायची पद्धत नाही. ती पडायला हवी, कारण कुंपणाच्या आत विहिरीवर जायची पायवाट असते आणि ती वाट कोणाची तरी असते.

तरीही भाव चढतो आहे आणि त्याला कारण आहे. पनवेल-कर्जत ही 29.6 किलोमीटरची उपनगरी मार्गिका, वाटेत चिखले, मोहोपे आणि चौक, आणि 2.6 किलोमीटरचा वावर्ले बोगदा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. एवढ्या दोन गोष्टींवर खालापुरातला प्रत्येक माळ 'विमानतळापासून 40 मिनिटं' झाला. याच काळात कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या धरणांनाही राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली. त्याची जाहिरात कोणी करत नाही. धरणाच्या बुडीत क्षेत्रात प्लॉट येणार की काठावर, हे ज्याला आधी कळतं तो विकतो आणि ज्याला कळत नाही तो घेतो.

चौकजवळ मोरबे धरण आहे, नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. त्याच परिसरात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती, ठाकरांची. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर खाली आला. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली, चार दिवसांनी शोध थांबवला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथे कुठला लेआउट पडला नव्हता, दरडीचा दोष प्लॉटवाल्यांना देता येणार नाही. पण आसपासच्या उतारांवर आज जेसीबी टप्पे पाडतात, 'व्हॅली व्ह्यू' साठी. माती कशी वागते हे इर्शाळवाडीने दाखवल्यानंतरही टप्पे पाडतात, आणि ते पाडायला परवानगी होती का हे पावसाळा संपल्यावर विचारलं जातं.

विकणाऱ्याचं पुढे काय होतं, यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा. थोडक्यात सांगायचं तर पैसे घराच्या स्लॅबला, मुलीच्या लग्नाला आणि एका बाइकला जातात. मग तोच माणूस त्याच माळावर केअरटेकर म्हणून राहतो, शनिवारी गेट उघडतो, आणि आपणच विकलेल्या जमिनीवर लावलेल्या कलमांना पाणी घालतो. ते पाणी तो टँकरवाल्याकडून घेतो.

जमीन घेऊच नये असं या सदराचं म्हणणं नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी याच मातीत भाताची वेगळी पद्धत बसवली, शेती आणि पर्यटन एकत्र चालवून दाखवलं. पण ते शेतकरी होते आणि तिथे राहिले. काकांनी निदान एवढं करावं. सातबारा एजंटच्या मोबाइलवर न पाहता ऑनलाइन डिजिटल सहीचा काढावा, 'इतर हक्क' मोठ्याने वाचावा, जुन्या फेरफारांच्या नकला मागाव्यात, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी, वाट कोणाच्या हद्दीतून येते ते नकाशावर पाहावं. त्यासाठी चौकशीला बुधवारी जावं. तलाठी कार्यालय रविवारी बंद असतं.