आधी रिंगा, मग टर्बो!

आपल्या हॉस्टेलमध्ये 'टर्बो' या शब्दाला जेवढा मान आहे तेवढा रेक्टरसरांनाही नसेल. गाडी कोणतीही असो आणि तिचं दुखणं कोणतंही असो, मेसच्या टेबलावर चौथ्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "टर्बो लाव ना यार!" लगेच दुसरा पंथ उठतो : "टर्बो कशाला? इंजिनच उचलून फेक, सीआरडीई बसव." मग आमटी थंड होईपर्यंत वाद. मेकॅनिकलवाल्यांचं एक वेळ समजू शकते, पण यात आयटीवाले सगळ्यात जोरात ओरडतात!

मला या भांडणात तिसरीच बाजू घ्यायची आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. संपादकांनी ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारावेत, आकडे मात्र जसेच्या तसे ठेवावेत.)

हा वाद माझ्या घरात खराखुरा चालू आहे, म्हणून हा लेख. माझ्या मामाकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला डोंगरावर त्याची वाडी. जीप माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. सकाळी दुधाचे कॅन खाली डेअरीवर न्यायचे, येताना पेंड, सिमेंट आणि जी माणसं भेटतील ती. पावसाळ्यात एसटी वर यायची थांबली की दवाखान्यात जायलाही हीच गाडी. ती आता चढाला मरते. भरलेली असली की डांबरी घाटातसुद्धा पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत चढते आणि मागे काळ्या-निळ्या धुराचा पडदा. मामाचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, टर्बो पंथाचा. गावातला मिस्त्री इंजिन-बदल पंथाचा. (त्याच्याकडे भंगारातून आणलेलं एक सीआरडीई पडून आहे, हा निव्वळ योगायोग.) मामीने दोन म्हशींच्या दुधाचे साठवलेले पैसे आहेत, ते एकदाच खर्च होणार. आणि मी 'इंजिनिअर' असल्यामुळे निकाल माझ्याकडे मागितलाय. थर्ड इयरला आहे हे कोणी लक्षात घेत नाही.

तर आधी त्या इंजिनाची ओळख. नाव एक्सडीपी ४.९०. म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिमी बोअर, इतकं सरळ. स्ट्रोक ८३ मिमी. गुणाकार करून बघा, २११२ सीसी येतात. मूळ फ्रान्सच्या पूजोचं डिझाइन, महिंद्राने १९७९ मध्ये त्याचं लायसन्स घेतलं. नवीन असताना ६२ हॉर्सपॉवर. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न मारता बाजूच्या छोट्या प्री-चेंबरमध्ये मारणारं जुन्या पद्धतीचं इंजिन.

आता माझा पहिला प्रश्न : घाट चढायला लागतं किती? आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला मेकॅनिक्स केलंय (काहींनी दोनदा), तेव्हा करूनच बघू. भरलेली जीप दोन टन धरा. चढ बारास एक. वेग ताशी ३० किमी. चढासाठी साधारण १६३५ न्यूटन, रोलिंग रेझिस्टन्सचे अजून चारशे. एकूण दोन हजारच्या वर थोडं. वेगाने गुणलं की सतरा किलोवॉट, म्हणजे २३ हॉर्सपॉवर! गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा हप्ता धरून २७ म्हणा.

इंजिन ६२ चं आणि लागतात २७. मग गाडी रडते का?

कारण आता ६२ कुठे उरलेत? रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन ब्रीदरमधून बाहेर. नोझल टिपकतात. रोटरी पंप झिजला की टायमिंग आणि डिझेलचं माप दोन्ही बिघडतं. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला हे मामालाच माहीत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल अर्धवट जळतंय. या गाडीला नवीन घोडे नकोत, तिचे हरवलेले घोडे परत आणायला हवेत. दादाला हे फोनवर सांगितलं तर म्हणतो, "तू पुस्तकातलं बोलतेस." मी म्हटलं, "दादा, धूर तुझ्या गाडीतून येतोय, पुस्तकातून नाही."

टर्बोवाल्यांनी माझ्यावर चिडू नये. टर्बो ही अत्यंत सुंदर कल्पना आहे. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवायचं, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. पण मिळतं किती? अर्धा बार बूस्ट धरा. हवा दाबली की तापते. कॉम्प्रेसरची एफिशिअन्सी ६५ टक्के धरली तर २७ अंशांची हवा ८४ अंशांवर जाते. इंटरकूलर नसेल तर गरम हवा फुगलेली, त्यामुळे दाब दीडपट होऊनही वजनाने हवा फक्त सव्वापट. तेही निरोगी इंजिनात. झिजलेल्या रिंगांच्या इंजिनात हवा दाबून भरणं म्हणजे फुटक्या बादलीत मोठा नळ सोडणं.

आणि सव्वापट हवेची किंमत बघा. अशा प्री-चेंबरवाल्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो बावीसच्या आसपास असतो. कागदी गणिताने कॉम्प्रेशनच्या शेवटी ६५ बार होत असतील तर अर्धा बार बूस्टने ते ९७ होतात, आग लागायच्या आधीच! प्रत्यक्षात आकडे कमी येतील, पण प्रमाण तेच. हा भार हेड गॅस्केटवर, बेअरिंगवर. शिवाय उष्णता. टर्बोसाठीच बनवलेल्या डिझेल इंजिनांत बहुधा पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा मारून ते थंड ठेवतात, कॉम्प्रेशन रेशोही थोडा उतरवलेला असतो. नुसता टर्बो बाहेरून लावला की यातलं काही होत नाही. मग एक्झॉस्टचं तापमान बघायला पायरोमीटर लावा, पंपाचं डिझेल जपून वाढवा, चढावर काटा वर गेला की पाय काढा. हे आपण करू. खाली पोचायच्या घाईत, मागे कण्हणारा पेशंट आणि समोर धुकं असताना काट्याकडे कोण बघणार?

पूजोने स्वतः काय केलं तेही बघण्यासारखं आहे. १९७९ मध्ये त्यांनी याच एक्सडी घराण्यातल्या २३०४ सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून ६०४ या गाडीत बसवलं. बिनटर्बोचं इंजिन ७० हॉर्सपॉवर, टर्बोचं ८०. ज्यांनी इंजिन जन्माला घातलं, ज्यांच्याकडे टेस्ट-बेड आणि प्रयोगशाळा, ते पहिल्या झटक्यात दहा घोड्यांवर थांबले. नंतर आकडा वाढला, पण मोठं इंजिन घेऊन, इंटरकूलर लावून. आणि आपला गॅरेजवाला म्हणतो, "ताई, डबल पिकअप देतो." असो.

टर्बो जिथे खरंच हवा, ती जागा म्हणजे उंची. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवा मुंबईपेक्षा साधारण तीस टक्के विरळ. तिथे बिनटर्बो इंजिन अक्षरशः उपाशी राहतं. पण आपल्या सह्याद्रीत सगळ्यात उंच कळसूबाई, १६४६ मीटर, आणि तिथे जीप जात नाही. महाबळेश्वरला फार तर बारा टक्क्यांचा फटका. मामाची वाडी त्याहून खाली.

दादाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तो म्हणतो, "पेशंट असताना पाच मिनिटंसुद्धा मोठी असतात." खरंय. पण वेळ जातो कुठे? वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा चिखलाचा तुकडा, तिथे. त्या तुकड्यावर फोर-लो टाकली की ट्रान्सफर केस टॉर्क जवळजवळ अडीचपट करून देते. म्हणजे टर्बोच्या सव्वापटीच्या दुप्पट, गाडीत जन्मापासून बसवलेलं, फुकट! तिथे कमी पडतात ते टायर. मागचे दोन तर टकले झालेत. आणि खाली उतरताना लागतात ब्रेक. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पाण्यातून गेल्यावर पहिले दोन-चार दाब वायाच. मामीच्या पैशातून पहिला खर्च माझ्या मते इथे व्हावा. पण "टायर बदल, ब्रेक लायनर बदल" असं मेसमध्ये म्हणून बघा, कोणी ढुंकूनही बघणार नाही. आपली बाहाची टीम वर्षभर रात्री जागवते तेव्हा तिथे सगळ्या कॉलेजांना सारखंच इंजिन असतं आणि त्याला हात लावायची परवानगी नसते. मग स्पर्धा कशाची होते? वजन, गिअर रेशो, सस्पेन्शन, ब्रेक. हे माहीत असलेली मुलंही घरच्या गाडीला टर्बोच सुचवतात, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

आता मिस्त्रींचा पंथ. थारमध्ये २०१० मध्ये आलेलं ते सीआरडीई इंजिन, २४९८ सीसी, १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन-मीटर. कागदावर स्वप्न! पण एक्सडीपीचा टॉर्क सव्वाशेच्या आत. दुप्पट टॉर्क जुन्या गिअरबॉक्समधून, जुन्या जॉइंटमधून, जुन्या अॅक्सलमधून जाणार. इंजिन बदललं की अडॅप्टर प्लेट, फाउंडेशन, क्लच, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं ओळीने येतं. गिअरबॉक्सही नवीन हवा आणि मग ब्रेकही. वर वायरिंग, सेन्सर, ईसीएम. मामाच्या वाडीत पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. सेन्सर गेला तर स्कॅनर घेऊन वर कोण येणार? आजचं इंजिन बंद पडलं तर मामा स्वतः पान्याने डिझेल लाइनची हवा काढून चालू करतो. डोंगरावर ही सोय चाळीस हॉर्सपॉवरपेक्षा मोठी आहे.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. "कोण बघतंय?" हा आपला राष्ट्रीय युक्तिवाद मला माहीत आहे. पण गाडीत गावची माणसं बसलेली असतात. उद्या काही झालं आणि विमा कंपनीने इंजिन नंबर तपासला, तर बघणारे सगळेच बघतील.

इंजिन कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल, क्रँक आणखी घासता येत नसेल, तर बदलायलाच हवं. तेव्हा मी त्याच घराण्यातलं एक्सडी३पी बघेन : २४९८ सीसी, ७२.५ हॉर्सपॉवर, महिंद्राने स्वतः क्लासिकमध्ये बसवलेलं, मेकॅनिकल पंपाचं. परवानगीचा अर्ज आधी, चेन-ब्लॉक नंतर.

मामाला मी फोनवर क्रम सांगितलाय. कॉम्प्रेशन टेस्ट, चारही सिलिंडरची, गरम इंजिनावर, आकडे कागदावर लिहून. एकाच सिलिंडरचा आकडा पडला असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि गॅस्केट. चारही पडले असतील तर इंजिन बांधायचं : बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग. पंप-नोझल कराडला देऊन कॅलिब्रेट करून घ्यायचे. मग टायर, मग ब्रेक. एवढं करून गाडी भरलेली असताना डांबरी घाट तिसाने चढली नाही, तर दादाने टर्बोचं नाव काढावं, मी ऐकून घेईन.

मामा सगळं ऐकून म्हणाला, "अगं, हे सगळं ठीक, पण टेस्टचं मीटर मिस्त्रीकडं नाय." तेव्हा आपल्या वर्कशॉपमधला डिझेल कॉम्प्रेशन गेज दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मिळावा असा अर्ज मी एचओडी सरांकडे दिला आहे. सर हा अंक वाचत असतील, तर अर्ज अजून त्यांच्या टेबलावर डाव्या बाजूच्या गठ्ठ्यात आहे.